वाढत्या अंगाचं हेल्मेट नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात ठाण्याच्या पानावर आइस हॉकीच्या कॅम्पसाठी लेहला निघालेल्या आपल्याकडच्या मुलांची बातमी आली होती, फोटोसकट. बातमी चांगली होती, मी दुकानात दोघीतिघींना वाचून दाखवली. पण तो फोटो मी जरा जास्तच वेळ बघत बसले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीच्या हेल्मेटची कड पार भुवयांवर टेकलीय आणि तोंडावरची जाळी गळ्यापर्यंत उतरलीय, आणि तिच्या शेजारच्या मुलाची बाही वर सरकलीय तिथे ग्लोव्हज संपतात आणि कोपराचं पॅड सुरू होतं याच्या मधे चांगला चार बोटं उघडा हात दिसतोय. बातमीत किट केवढ्याला पडतं ते दिलंय, आईबाबांनी कशी पैशांची जुळवाजुळव केली तेही दिलंय, पण ते किट त्या मुलांना बसतंय का हे कुणीच विचारलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल, माझं स्वतःचं पोटच कात्रीवर आहे.

मी नौपाड्यात लेडीज टेलर आहे, बावीस वर्षं झाली. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, अल्टर, आणि मे-जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म. आता युनिफॉर्म शिवताना प्रत्येक आई एकच वाक्य म्हणते, "ताई, वाढत्या अंगाचं शिवा हं." मग मी स्कर्टला खाली तीन इंच दुमड ठेवते, बाजूला दीड इंच मार्जिन ठेवते, पुढच्या जूनमध्ये दुमड उसवायची, आतली टीप काढून बाहेर मारायची, वर्ष निघतं. यात काही चूक नाही, आमच्याच घरात मी हेच करत आलेय, माझ्या लग्नातल्या शालूवरचा ब्लाउजसुद्धा मार्जिन ठेवून शिवला होता आणि ते मार्जिन कामाला आलं. पण ही जी सवय आहे ना, ती मी तशीच्या तशी घेऊन बर्फावर गेले आणि तिथे माझी चांगलीच फजिती झाली. हे सगळं लिहिण्याचा हक्क मला तेवढाच.

मुलगी आता बारा पूर्ण. सहा वर्षांची असल्यापासून स्केटिंगला जाते, आधी ती चार चाकांची बांधायची, मग इनलाइन, मग सरांनी हातात स्टिक दिली आणि रोलर हॉकी सुरू झाली. ठाण्यात बर्फाची रिंक नाही, पूर्वी गोराईला एस्सेलवर्ल्डमध्ये होती, तिथे मी कॉलेजात असताना एकदा आपटले होते तेवढाच माझा बर्फाशी संबंध. त्यामुळे आपल्याकडची मुलं चाकांवर शिकतात आणि हिवाळ्यात एकदा लेहला जाऊन खऱ्या बर्फावर खेळतात, तिथे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा सीझन असतो. आता खेलो इंडियाचे हिवाळी गेम्स पण लेहला होतात आणि २०२५ ला आपल्या भारताच्या बायकांच्या टीमने यूएईतल्या अल ऐनला आशिया कपमध्ये ब्राँझ काढलं, त्यामुळे पोरींच्या डोक्यात वारं शिरलंय आणि ते शिरावंच.

तर क्लासच्या ग्रुपवर किटचा फॉर्म आला. त्यात काय विचारलं होतं माहितीये? नाव, वय, आणि साइज एस एम की एल. संपलं. मी टेलर, मला तो फॉर्म बघूनच कसंतरी झालं, अहो मी बारा वर्षांच्या दहा मुलींचे युनिफॉर्म शिवते तेव्हा दहा वेगवेगळी मापं वहीत लिहिते, एकीची छाती २६ तर दुसरीची ३१, आणि इथे डोक्यापासून पायापर्यंत सगळं सामान वयावरून. मी विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, मुलं वाढतात, सगळं एक साइज मोठं घ्या, स्केट्स दोन नंबर मोठे घ्या, जाड सॉक्स घालायचे, दोन वर्षं बघायला नको." घरात सासूबाई पण म्हणाल्या, मोठंच घे गं, पोर ताडमाड वाढतेय. आणि मला पण पटलं, कारण पैसे दुकानाच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढे जात होते. मी दुसऱ्याला शहाणपण शिकवणारी बाई, मी स्वतः मुलीला वाढत्या अंगाचं किट घेतलं. नडगीचे गार्ड १३ इंची.

लेह साडेतीन हजार मीटरवर, पहिले दोन दिवस तर नुसतं पांघरुणात बसून पाणी प्यायचं. तिसऱ्या दिवशी रिंकवर. मैदानात रात्री पाणी मारतात, ते गोठतं, सकाळी त्यावर मुलं. माझी लेक चाकांवर वाऱ्यासारखी पळते, पण इथे तिचे घोटे आत वळायला लागले, बूट एकीकडे आणि पाय दुसरीकडे. मान खाली घातली की हेल्मेट डोळ्यावर. "आई, मला पकच दिसत नाहीये" (पक म्हणजे चेंडूच्या जागी असते ती चकती) असं ती काठावर येऊन दोनदा सांगून गेली आणि मी तिला म्हटलं, नीट घाल, बेल्ट घट्ट कर. बेल्ट घट्ट करून मोठं हेल्मेट लहान होत नाही हे मला, ब्लाउजचे हुक ओढून ढगळ ब्लाउज बसत नाही हे रोज सांगणाऱ्या बाईला, तेव्हा सुचलं नाही. तिसऱ्या की चौथ्या वेळेला ती पडली ती उजव्या कोपरावर. कोपराचं पॅड तोवर घसरून मनगटाजवळ आलं होतं. एक्सरे काढला, हाड शाबूत होतं, देवाची कृपा, पण कोपर टेनिस बॉलएवढं झालं आणि चार दिवस ती फक्त बघत बसली. एवढ्या लांब जाऊन.

त्या संध्याकाळी आम्ही जिथे उतरलो होतो तिथे बुखारीपाशी, म्हणजे तिकडच्या शेगडीपाशी, सगळी मुलं शेकत बसली होती, आणि तिकडची एक मोठी खेळाडू मुलगी आली, कॅम्पला शिकवायची, सगळ्या पोरी तिला अचे-ले म्हणायच्या, म्हणजे लडाखीत ताई. तिने माझ्या लेकीला स्केट्स घालायला लावले, नाडी न बांधता. बोटं पुढे टोकाला टेकव म्हणाली. आणि मागे टाचेच्या आणि बुटाच्या मधे आपलं बोट घातलं. एक गेलं. दुसरं घातलं, तेही गेलं, आणि वर हलवून दाखवलं. मग माझ्याकडे बघून हसली, "दीदी, इसमें तो मैं भी आ जाऊँगी." लाजेने मेले मी. पायातले दोन जोड सॉक्स काढले तर टाचेला आठ आण्याच्या नाण्याएवढा फोड, फुटलेला.

मग मी पर्समधून टेप काढली. टेप माझ्याकडे कायम असते, लग्नाला गेले तरी असते. आणि आम्ही दोघी, मी आणि ती अचे-ले, त्या बुखारीसमोर बसून एकेका मुलाची मापं घेत सुटलो, रात्री साडेदहापर्यंत. अकरा मुलं होती. अकरात बरोबर बसणारं सबंध किट एकाचंच निघालं, तेही त्याने चुलत भावाचं जुनं आणलेलं. मला तिने जे शिकवलं आणि नंतर इकडेतिकडे विचारून, वाचून जे कळलं ते लिहिते, कारण ते मराठीत मला कुठे धड मिळालं नाही.

स्केट्सपासून सुरू करते कारण सगळे तिथेच चुकतात. आपण बाटाच्या दुकानात जो नंबर सांगतो तो इंग्लंडचा नंबर. स्केट्स बनवणारे लोक, बॉअर काय, सीसीएम काय, अमेरिकेच्या हिशेबाने चालतात, मुलांमध्ये आणि पुरुषांमध्ये त्या दोन नंबरांत साधारण एकाचा फरक पडतो, आणि वर आइस स्केट हा नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान घ्यायचा असतो. म्हणजे ज्या मुलाला बाटाचा ४ बसतो त्याचा अमेरिकन नंबर ५, आणि स्केट साडेतीन किंवा चारच्या आसपास. आम्ही घेतला होता सहा! मोठ्या बायकांचा अमेरिकन नंबर अजून वेगळाच चालतो, म्हणून नंबरावर जाऊच नका, घालून बघा. नाडी बांधून सरळ उभं राहिलं की बोटं पुढच्या टोपीला हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवून खेळायच्या पोझमध्ये आलं की ती थोडी मागे सरकतात आणि टाच मागे घट्ट बसते. नाडी सोडून, बोटं पुढे टेकवून टाचेमागे एक बोट मुश्किलीने गेलं तर ठीक, दोन गेली तर बूट परत करा. आणखी एक गंमत, पेन्सिलची. नाडी मोकळी करून जीभ पुढे ओढायची आणि वरून तिसऱ्या भोकाच्या रेषेत पेन्सिल आडवी ठेवायची. ती दोन्हीकडच्या भोकांवर टेकली म्हणजे बूट पुरेसा खोल आहे, पण पायावरच टेकून झोपाळ्यासारखी डुलायला लागली तर बूट उथळ, नाडी कितीही आवळा पाय वर राहणार. आणि सॉक्स एकच, पातळ. जाड सॉक्सने ऊब मिळत नाही हो, पाय दाबला गेला की रक्त कमी आणि गार जास्त. काही बूट गरम करून पायाच्या आकाराचे करून देतात, पण ते ज्याच्याकडे त्याचं मशीन आहे त्यानेच करायचं, आपल्या घरच्या केकच्या ओव्हनमध्ये नाही. हसू नका, आमच्या ग्रुपवर एकाने खरंच विचारलं होतं.

नडगीचं गार्ड, ज्याला हे लोक शिन गार्ड म्हणतात, याचं माप वयावर नाही, उंचीवर पण नाही, नडगीवर. मुलाला खुर्चीवर बसवायचं, गुडघा काटकोनात, आणि गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून खाली पाऊल जिथे वाकतं तिथपर्यंत टेप लावायची. जेवढे इंच तेवढा साइज. माझ्या लेकीचं आलं ११ आणि मी घेतलेलं १३. दोन इंचांनी काय होतं? गार्ड खाली बुटावर आपटतो आणि वर उचलला जातो, मग गुडघ्याची वाटी ज्या खोलगट कपात बसायला पाहिजे तिथे न बसता खालच्या सांध्यावर येते, आणि तिथे पातळ असतं. वर पुढे वाकताना घोटा पण अडतो. शिवाय उजवा-डावा असतो! पट्टे बाहेरच्या बाजूला लागले पाहिजेत. अकरापैकी तिघांनी उलटे घातले होते, त्यात एक माझी.

आता पँट. ही पँट म्हणजे आपली पँट नाही, ती एक जाड फुगीर हाफपँट असते, कमरेला नाडी, आत मांडीला, माकडहाडाला, मूत्रपिंडापाशी पॅड. कमरेला घट्ट बसली पाहिजे, खाली सरकली तर सगळी पॅड्स एक मजला खाली उतरतात. आणि खालची कड गुडघ्याच्या कपावर एक-दोन इंच आली पाहिजे, उभं असताना नाही तर वाकल्यावर सुद्धा. हेच सगळीकडे आहे बघा, मला टेलर म्हणून हे फार आवडलं. कोपराचं पॅड खांद्याच्या पॅडच्या दंडावरच्या कडेपासून सुरू झालं पाहिजे आणि ग्लोव्हजच्या कफाशी संपलं पाहिजे. खांद्याचं पॅड खाली पँटच्या वरच्या कडेला भेटलं पाहिजे. म्हणजे एकेक तुकडा वेगळा बरोबर असून भागत नाही, जोड जुळले पाहिजेत. ब्लाउजची बाही सुंदर शिवलीय आणि मुंढा चुकलाय तर काय उपयोग? आमच्या धंद्यात जोड चुकला तर गिऱ्हाईक ओरडतं, इथे जोड चुकला तर नेमका तिथेच पक येऊन लागतो. पक म्हणजे तीन इंच व्यासाची एक इंच जाड कडक रबराची चकती, वजन १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या सीझन बॉलएवढंच, आणि ती गोठवून खेळायला घेतात म्हणजे उसळू नये. सीझन बॉलसमोर आपण मुलाला पायापेक्षा लांब पॅड बांधून उभं करू का?

खांद्याचं पॅड घालून दोन्ही हात वर करायला लावा. कॉलर हनुवटीला ढकलत असेल तर मोठं आहे. खांद्याचं टोक पॅडवरच्या वाटीच्या बरोबर खाली आलं पाहिजे आणि पुढून गळ्याजवळची हाडं झाकली पाहिजेत. माप छातीचं, काखेखालून, आमच्यासारखंच. मुलींसाठी वेगळ्या बेताची पण मिळतात. आणि मुलींना सुद्धा खाली जांघेचं गार्ड लागतं, त्याला जिल म्हणतात, आमच्या फॉर्ममध्ये ते नव्हतंच, कुणी विचारलं पण नाही, का तर नाव घ्यायला लाज. मी पण नव्हतं विचारलं.

ग्लोव्हजची बोटं आपल्या बोटांपेक्षा पाव ते अर्धा इंचच लांब पाहिजेत. जास्त असली की स्टिक हातात नीट बसत नाही आणि मुलं ग्लोव्हज काढून खेळायला बघतात.

हेल्मेटवर मात्र जरा थांबते. भुवयांच्या वर साधारण एक इंचावरून डोक्याभोवती टेप फिरवायची. हेल्मेट सरळ बसलं पाहिजे, मागे टोपीसारखं ढकललेलं नाही, पुढची कड भुवयांच्या वर एक बोट. बेल्ट न लावता दोन्ही हातांनी हेल्मेट धरून उजवीडावीकडे फिरवा, कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे, कातडी जागेवर आणि हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं. जाळीच्या खाली जी हनुवटीची वाटी असते तिच्यात हनुवटी टेकली पाहिजे. आणि हे आता कुठल्याही इंग्रजी माहितीपत्रकात नसेल, वेणी! माझ्या लेकीचे केस कमरेपर्यंत, ती वर घट्ट पोनी बांधून त्यावर हेल्मेट घालायची, त्यामुळे मागून ते उचललं जाऊन पुढे डोळ्यांवर यायचं. म्हणजे हेल्मेट मोठं होतं हे खरंच, पण निम्मा दोष पोनीचा. मानेवर खाली सैल एक वेणी घाला आणि माप घेताना पण तीच वेणी घालून माप घ्या. सकाळी डोक्याला चप्प तेल लावून पाठवू नका, आतला फोम तेल पितो आणि हेल्मेट घसरतं, हे माझं स्वतःचं संशोधन आहे.

सैल बसतंय म्हणून आत फोमचे तुकडे, जुना टॉवेल, असलं काही भरू नका. अकरातल्या एका हेल्मेटमध्ये फेविकॉलने चिकटवलेला योगा मॅटचा तुकडा निघाला, बाबांनी मोठ्या कौतुकाने कापून लावला होता. हेल्मेट तपासून पास करतात ते आतल्या फोमसकट, आपण त्यात भर घातली की मार कुठे शोषला जाणार याचा काही भरवसा नाही. मागे स्टिकर असतो त्यावर अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या संस्थेचा पासचा शिक्का असतो, एचईसीसी किंवा सीएसए, आणि एचईसीसीवाल्यावर मुदत पण असते. सेकंडहँड घेताना रंग बघू नका, तो स्टिकर बघा आणि तडा बघा.

गळ्याचं गार्ड हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण त्याची गोष्ट ऐकल्यावर मला रात्री झोप आली नव्हती. २८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमध्ये शेफील्डला मॅच चालू असताना अ‍ॅडम जॉन्सन नावाच्या नॉटिंगहॅम पँथर्सच्या खेळाडूच्या गळ्याला दुसऱ्याच्या स्केटचं पातं लागलं आणि तो गेला, एकोणतीस वर्षांचा होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या सगळ्याच स्पर्धांत, अगदी मोठ्यांच्या सुद्धा, गळ्याचं गार्ड सक्तीचं केलं, लहान वयोगटांत ते आधीपासून होतंच. आमच्या कॅम्पात अकरापैकी चौघांच्या बॅगेत ते होतं आणि घातलेलं दोघांनी, बाकी म्हणे टोचतं. टोचतं कारण मोठं आहे आणि वर हनुवटीला घासतं. बरोबर मापाचं असेल तर गळ्याभोवती रुमालासारखं बसतं. इथेही पुन्हा मापच.

तुम्ही म्हणाल लडाखच्या मुली तरी कुठे मापाचं घालून शिकल्या. नाहीच. तिकडे सैनिकांनी हा खेळ रुजवला, सुरुवातीला फौजी बुटांखाली लोखंडाची पाती ठोकून खेळायचे. आणि आपल्या बायकांची टीम २०१६ ला पहिल्यांदा बाहेर, तैपेईला, खेळायला गेली ती लोकांकडून वर्गणी गोळा करून, त्याआधी मुलांची किट उसनी घेऊन, पुरुषांच्या मापात पोहत त्या खेळायच्या. अचे-लेने सांगितलं की ती स्वतः दोन वर्षं भावाचे स्केट्स पुढे कापूस कोंबून वापरायची, आणि ती हे अभिमानाने नाही सांगत होती, डावा घोटा चोळत सांगत होती. त्यांच्याकडे पर्याय नव्हता. आम्ही ठाणेकर पैसे मोजून, ऑर्डर देऊन, नवं कोरं चुकीचं घेतो.

काय अल्टर करता येतं हे मला बऱ्याच जणी विचारायला येतात आता, म्हणून सांगून टाकते. सैल पडलेलं इलॅस्टिक मी बदलून देते, झिजलेलं वेल्क्रो बदलते, ग्लोव्हजचा तळवा फाटला तर नवा लावून देते, जर्सीची बाही आखूड करते, पँटची नाडी बदलते. पॅड कापून लहान करून द्या म्हणाल तर मी हात लावत नाही, पाचपट पैसे दिले तरी नाही. एक बाबा रागावून गेले. गेले तर गेले.

आणि ठाण्याचा पावसाळा! लेहच्या लोकांना हा प्रॉब्लेमच नाही. इथे किट आणून बॅगेत बंद ठेवलं की जुलैत बॅग उघडल्यावर जो वास येतो तो मी पेपरात लिहू शकत नाही. फोमला बुरशी, पात्याला गंज, आणि पॅडचे पट्टे कडक. पंख्याखाली सगळं उलटं पसरून वाळवायचं, पाती पुसून कोरड्या कापडात गुंडाळायची, प्लास्टिकच्या कव्हरात अजिबात नाही. नाहीतर सप्टेंबरात जे हातात येतं ते मापाचं असलं तरी वापरायच्या लायकीचं नसतं.

आता माझं मागणं. क्लासवाल्यांनी फॉर्ममध्ये वय विचारायचं बंद करावं, किंवा वयाबरोबर डोकं, छाती, कंबर, नडगी, पाऊल अशी मापं मागावीत, सगळ्या आयांच्या घरी टेप असते. ऑर्डर देण्याआधी एक रविवार ठरवून विकणाऱ्याला सगळे साइज घेऊन रिंकवर बोलवावं आणि मुलांना घालून, वाकवून, पाडून बघावं, तो येत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नये, पंधरा-वीस मुलांची ऑर्डर असते, येतो तो बरोबर. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मुलं वाढतात हे खरंच आहे ना, ती वाढणारच, तर मग दरवर्षी प्रत्येकाने नवं घेण्याऐवजी क्लासमध्ये एक कपाट ठेवावं. वर्षाच्या शेवटी ज्याला जे लहान झालं ते कपाटात, ज्याला जे बसतं ते कपाटातून, थोडं डिपॉझिट घ्या. शाळेची पुस्तकं आपण वरच्या वर्गातल्या मुलांकडून घेतच होतो की. वाढत्या अंगाचा प्रश्न कपाटाने सुटतो, दोन नंबर मोठ्या बुटाने नाही. महापालिकेने आपल्या क्रीडा संकुलात अशी एक खोली दिली तर स्केटिंगच्याच काय, कबड्डी सोडून सगळ्याच खेळांच्या मुलांना उपयोग होईल.

तुमच्या वार्ताहरांना पण एक विनंती, पुढच्या वेळेला फोटो काढताना त्या मुलीला जरा मान खाली घालायला सांगा आणि विचारा, बाळा तुला दिसतंय का.

आम्ही यंदा पुन्हा जातोय. लेक वर्षात अडीच इंच वाढली, नडगी आता १२. मी मागच्या वर्षी लेहहून आल्यावर तिला सेकंडहँड ११ चे गार्ड घेतले होते, ते आता दुकानात शिलाई मशीनच्या मागच्या फळीवर धुऊन वाळवून ठेवलेत, शिवाय एक हेल्मेट, मुदत अजून दोन वर्षं आहे, आणि ते सहा नंबरचे स्केट्स, जे ठाण्यात कुणाला तरी बरोबर बसत असणारच. पत्ता पत्राबरोबर तुमच्याकडे दिलाय, कुणी विचारलं तर सांगा. पैसे नकोत. फक्त मुलाला बरोबर घेऊन या, पातळ सॉक्स घालून, सोमवारी दुकान बंद असतं.

आपली,
एक टेलर आई, नौपाडा, ठाणे